करारावरचा कोश

अणदूरच्या मित्रानं घर विकलं आणि तो कायमचा पुण्याला गेला. जाताना गाडी आमच्या दारात थांबवून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बाड माझ्या हातात दिलं. म्हणाला, "आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." सोडून बघितलं, तर आमचा चिनी-इंग्रजी कोश. कणा उसवलेला, कडेला चहाचे डाग.

'आमचा' म्हणजे दोघांचा. आमच्या भागातला खंडोबा अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत वाटलेला आहे. मूर्ती एक, देवळं दोन. बरंचसं वर्ष देव अणदूरला, मग काही काळ नळदुर्गला, आणि नेता-आणताना दोन गावांत लेखी करार होतो. अशा मुलखात वाढलेल्या दोन पोरांनी वर्गणी काढून एक कोश घेतल्यावर दुसरं काय करणार? वहीच्या पानावर करार केला. दोन महिने तुझ्याकडं, दोन महिने माझ्याकडं. पान फाडल्यास दंड पाच रुपये.

कोशांचा आणि नळदुर्गाचा त्याआधीचा इतिहास चार ओळींत सांगून टाकतो, कारण त्यात आम्ही कुठंच नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. मधल्या काळात, १८५३ मध्ये, नळदुर्ग इंग्रजांच्या हाती आला आणि मेडोज टेलर आमच्या किल्ल्यात राहून जिल्हा चालवू लागला. त्याच्यासारख्या साहेबांना रयतेचं बोलणं कळावं म्हणून मराठीला एवढा मोठा कोश लाभला. पुढं निजामाची उर्दू आली, मग इंग्रजी आली. परक्या भाषेला आपण होऊन भिडायची वेळ माझ्या पिढीपर्यंत गावावर फारशी आली नव्हती.

नाही म्हणायला सोलापूर पन्नासेक किलोमीटरवर, आणि तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथंच राहिले, चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. चिनी लोक त्यांना 'ख तिह्वा' म्हणतात. शेवटच्या 'ह्वा'चा अर्थ चीन. आमच्या शाळेत त्यांच्यावर दरवर्षी तेच भाषण व्हायचं. सोलापूरच्या माणसानं ती भाषा कशी शिकली असेल, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

माझं दशक २००४ ते २०१४. २००६ हे भारत-चीन मैत्रीवर्ष होतं. वीज प्रकल्पांची यंत्रं चीनहून येत होती, यंत्रांमागून माणसं येत होती आणि त्या माणसांना दुभाषे लागत होते. आम्ही दोघं पुण्यात एका खासगी वर्गाला जायचो. तिथले गुरुजी मॅथ्यूजच्या कोशापुढं काही मानत नसत. मॅथ्यूज हा मिशनरी. त्याचा कोश १९३१ साली शांघायला छापला गेला. वर्तमानपत्र, मोबाइल, बोल्ट यांतलं काहीही त्यात शोधायचं म्हणजे पंचाईत, आणि उच्चार लिहायची पद्धत जुनी. चीननं १९५८ मध्ये रोमन लिपीतली 'पिनयिन' पद्धत स्वीकारली, याचा गुरुजींना पत्ता होता. पण मान्य नव्हतं. त्या हट्टापायी आमचे सहा महिने गेले, हे आज वीस वर्षांनी लिहून ठेवतो.

एका बाबतीत मात्र मॅथ्यूज आमच्या जवळचा निघाला. पिनयिनमध्ये 'बी' लिहितात तो आपला 'प', आणि 'पी' लिहितात तो 'फळ'मधला 'फ'. तसंच 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. इंग्रजाला हा फरक कानाला कळत नाही. आपल्याला बाराखडीपासून कळतो. राजधानीचं नाव खरं तर 'पेइचिंग'च्या जवळ जातं, 'बीजिंग' हा इंग्रजी अक्षरांचा घोटाळा. मॅथ्यूज 'प' हा 'प' म्हणूनच लिहितो आणि 'फ'ला शेजारी एक स्वल्पविरामासारखी खूण देतो. पिनयिनमधला 'झेड' तर 'चाक', 'चूल' यांमधला च. हे कुठल्याही कोशानं आम्हाला सांगितलं नाही, कारण सगळे कोश इंग्रजी बोलणाऱ्यासाठी केलेले. मराठी माणसानं आधी इंग्रज व्हायचं आणि मग चिनी शिकायचं.

आम्ही घेतलेला कोश अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळाला. तो पेइचिंगमध्ये १९७८ साली निघालेला होता. त्याच्या उदाहरणांत क्रांती होती, वर्गसंघर्ष होता, उत्पादन तुकड्या होत्या. चाकणच्या कारखान्यात यातलं काय कामाचं? तिथं एबीसी नावाचा कोश हवा होता, जॉन डीफ्रान्सिसचा, १९९६ चा. पुणेकराला एबीसी म्हटलं की तोच चौक आठवतो, पण हा कोश त्या चौकात आम्हाला दिसला नाही. दुसऱ्या एका दुभाष्याकडं पाहिला. इतर कोशांत आधी अक्षर, मग त्या अक्षरानं सुरू होणारे शब्द. एबीसीत पूर्ण शब्दच उच्चाराप्रमाणे लावलेले. कानावर शब्द पडला की सरळ पान उघडायचं. कानानं काम करणाऱ्याला तोच कोश. अक्षर डोळ्यांनी ओळखायचं असेल तर मूळ चिन्हांची सूची चांगली हवी. खांगशी बादशहाच्या १७१६ च्या कोशात अशी २१४ चिन्हं आहेत, आणि रेघा मोजता मोजता माझी अर्धी जवानी गेली.

सुरांच्या खुणा छापलेल्या नसतील तर कोश घेऊ नये, हे मी पैसे मोजून शिकलो. 'माय' हा शब्द घ्या. आमच्याकडं माय म्हणजे आई. तिकडं सूर खाली जाऊन वर आला तर विकत घेणं, सूर सरळ कोसळला तर विकणं. एका प्रकल्पावर मी सुटे भाग घेणाऱ्यांनाच विकणारे करून टाकलं. अर्धा तास दोन्ही बाजू एकमेकांना माल देऊ करत होत्या. त्या दिवसाची मजुरी मिळाली नाही.

दुसरी कसोटी मोजायच्या शब्दांची. आपण भाजीची जुडी, केळ्यांचा फणा, कडब्याची पेंढी म्हणतो. चिनीत प्रत्येक नामाला असं काहीतरी लागतंच. मासा, नदी, रस्ता, पँट या लांबट वस्तूंना 'थ्याव', कागद-टेबलासारख्या सपाट वस्तूंना 'चांग'. ज्या कोशात नामाजवळ हा शब्द दिलेला नाही, तो कितीही जाड असो, शिकणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. दुकानदार मात्र जाडीच दाखवतात.

वडिलांच्या आजारपणात मी नळदुर्गला परतलो आणि कोश एसटीच्या पार्सलनं फिरू लागला. मित्र चाकणला, मी हैदराबाद रस्त्यावरच्या या गावात, बोलावणं आलं की प्रकल्पावर. रात्री दिवे जायचे, मग कंदिलाजवळ पानं. २०१२ चा दुष्काळ पडला तेव्हा कोश माझ्या पाळीत होता. एके दिवशी 'वेल्डिंग'चा शब्द शोधत होतो: 'हान', आपल्या 'हाण!'सारखा आपटून म्हणायचा. त्याच पानावर त्याच सुराचे आणखी हान. घाम म्हणजे हान, त्यात पाण्याचे तीन थेंब. दुष्काळ म्हणजे हान. वर सूर्य, खाली आज 'कोरडं' म्हणून लिहितात ते चिन्ह. आणि वेल्डिंग म्हणजे त्या दुष्काळाच्या शेजारी आग. टँकरच्या रांगेतून आलेल्या माणसाला ते पान समजावून सांगावं लागलं नाही. मी कडेला पेन्सिलीनं 'घाम, कोरड, झाळ' लिहिलं.

अशा नोंदी आम्ही दोघंही करत होतो. शेकड्यांनी झाल्या. तेव्हा वाटलं, यातून शिकणाऱ्यासाठी छोटा चिनी-मराठी कोश होईल. देशात वारं अनुकूल होतं. सीबीएसई शाळांत चिनी आणायची भाषा चालली होती. २०१४ च्या सप्टेंबरात शी चिनफिंग आले आणि महाराष्ट्रात चिनी उद्योगांची वसाहत करायचं ठरलं. आम्ही नमुन्याची चाळीस पानं घेऊन एका प्रकाशकाकडं गेलो. त्यांनी पानं न उलटता विचारलं, "गिऱ्हाईक कोण?" सातव्या शतकात चिनी भिक्षू इत्सिंग भारतात येऊन गेला. त्याच्या नावावरची संस्कृत-चिनी शब्दावली आजही आहे, आणि प्रबोधचंद्र बागचींनी तसे जुने कोश १९२९ पासून पॅरिसमध्ये छापून आणले. इत्सिंगला कुणी गिऱ्हाईक विचारलं नसावं.

पण सगळा दोष त्या प्रकाशकावर टाकता येत नाही. मित्रानं २०११ मध्येच फोनवर प्लेको नावाचं चिनी कोशाचं ॲप घेतलं होतं. बोटानं अक्षर गिरवलं की अर्थ हजर. १९९७ मध्ये एका हौशी माणसानं सुरू केलेला फुकटचा शब्दसंग्रहही एव्हाना लाखाच्या पुढं गेला होता. मीही फोन घेतला. सोय झाली यात वादच नाही. पण फोन विचारलेला हानच दाखवतो, शेजारचे दोन दाखवत नाही. कडेला लिहायला जागाही नाही. त्यामुळं आमच्या नोंदी विरळ होत गेल्या आणि कराराची वही कुणाकडं राहिली, तेही आठवेना.

मग २०२० साल. जून संपता संपता ५९ चिनी ॲप बंद झाली, आणि महिन्याभरात नवं शैक्षणिक धोरण आलं. मसुद्यात परकीय भाषांच्या यादीत चिनी होती, अंतिम कागदात ती नव्हती. कोरियन होती, थाई होती. सीमेवर जवान गेले, त्याचा राग मलाही आहे. पण ज्याच्याशी भांडण, त्याची भाषा आधी यायला नको का? गावात एकानं मला विचारलं, "अजून चिनी बोलता का हो?" जणू मी दारूच पितो. आता पोरं कॅमेरा धरतात, पाटीवरची अक्षरं इंग्रजीत होतात, आणि कोश निवडायचा असतो हेच त्यांना ठाऊक नाही.

परवा बाड उलगडताना 'माय'चं पान उघडलं. कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: 'विकणे. घेणे नव्हे, बावळटा.' अक्षर त्याचं आहे की माझं, यावरून फोनवर वाजलं. तो म्हणतो माझं. कराराची वहीही बाडातच निघाली. हिशेबानं दोन महिन्यांनी कोश अणदूरला जायचा आहे.

अणदूरच्या घराला आता दुसऱ्याचं कुलूप आहे.