दळणाचा डबा आणि डंबेल

'केमोपेक्षा व्यायाम भारी' हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मूळ बातमी जून २०२५ची, शिकागोच्या कर्करोग परिषदेतली. आणि तीत असं काही म्हटलेलंच नव्हतं. 'चॅलेंज' नावाच्या त्या चाचणीतल्या ८८९ जणांचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं होतं, केमोही पुरी झालेली होती. व्यायाम सुरू झाला तो त्यानंतर. तेव्हा केमो सोडून बागेत फेऱ्या मारायला सांगणाऱ्या काकांना लांबूनच नमस्कार.

आकडे मात्र दमदार आहेत. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ९०.३ टक्के होतं, दुसऱ्या गटात ८३.२. आणि व्यायाम म्हणजे तरी काय, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास भरभर चालण्याएवढा. मग फरक कशाने पडला? एका गटाच्या हाती आरोग्याची पुस्तिका ठेवली होती. व्यायामाच्या गटाला मात्र व्यायाम करवून घेणारा माणूस दिला होता. सुरुवातीला पंधरवड्याला, पुढे महिन्याला, अशी तीन वर्षं तो माणूस त्यांच्या मागे होता. बातम्यांच्या मथळ्यांतून हा माणूसच गळाला. माझ्या मते खरी बातमी तोच आहे.

कर्करोग आणि व्यायाम या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट 'चॅलेंज'च्या आधीची आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या की काही बायकांच्या हाताला सूज येते आणि ती जन्माची सोबतीण होते. डॉक्टरांचा ठरलेला सल्ला असे: या हाताने जड उचलायचं नाही. म्हणजे दळणाचा डबा नाही, पाण्याची कळशी नाही, नातवंडही नाही. कॅथरिन श्मिट्झ या अमेरिकन संशोधक बाईंना हे पटेना. न वापरलेला हात दुबळा होणार आणि दुबळ्या हातावर अचानक भार आला की तो जास्तच सुजणार, हा त्यांचा साधा तर्क. त्यांनी फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या १४१ सूज असलेल्या बायका निवडल्या, आणि त्यातल्या निम्म्यांना वजनं उचलायला लावली.

कुठे, हे महत्त्वाचं. हॉस्पिटलात नाही, घराजवळच्या साध्या, सार्वजनिक व्यायामशाळेत. तिथल्याच प्रशिक्षकांना शिकवून तयार केलं. हाताला घट्ट दाबाची बाही घालून बायका छोट्या गटात जमत. वजन जवळजवळ नसल्यासारखं. त्रास झाला नाही तरच पुढच्या खेपेला थोडंसं वाढवायचं. तेरा आठवडे असं लक्ष ठेवून, मग वर्ष पुरं होईपर्यंत त्यांच्या त्यांनी. एखादी फिरकली नाही की प्रशिक्षक फोन करत. निकाल २००९मध्ये आला: सूज बळावण्याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्यांत १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९. वर्षानुवर्षांचा सल्ला उलटा पडला.

तो फोन मला फार मोलाचा वाटतो. वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्या चकाचक जिमला तुम्ही आला नाहीत तर बरंच असतं, ट्रेडमिल तेवढी मोकळी. आपल्या जुन्या आखाड्यांची रीत वेगळी. दोन दिवस दांडी मारली की वस्ताद घरी निरोप धाडत, आणि पुढचे चार दिवस बोलणी खावी लागत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. शंभरी गाठलेल्या संस्था या राज्यात आहेत, गल्लोगल्ली तालमी आहेत. तिथे धडधाकट पोरांना जागा आहे. केमोनंतर केस पुन्हा येऊ लागलेल्या बाईने दारातून आत पाऊल टाकावं असं मात्र तिथे सहसा काही नसतं. आरसे, मोठ्याने लावलेली गाणी, आणि 'काकू, तुम्हाला काय झालंय?' ही चौकशी.

धोके नाहीत असं कुणी म्हणू नये. 'चॅलेंज'मध्येच स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात १८.५ टक्के होत्या, दुसऱ्यात ११.५. रोग हाडांत उतरला असेल, रक्तातल्या पेशी कमी असतील किंवा छातीत केमोचा पोर्ट असेल, तर काय टाळायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद प्रशिक्षकाच्या हातात द्या. 'चालेल, करा थोडं थोडं' या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि व्यायामशाळांच्या विश्वस्तांना एक विनंती. तुमचा हॉल सकाळी नऊनंतर संध्याकाळपर्यंत बहुधा रिकामा असतो. त्यातला एक तास, आठवड्यातून दोनदा, आजारातून उठलेल्यांसाठी ठेवा. प्रशिक्षक शक्यतो बाई असावी, अर्ध्या किलोची डंबेल्स आणावीत, आणि हजेरीच्या वहीत घरचा फोन नंबर लिहून घ्यावा.