एकच अभंग, दोन गळे

बंगळुरात राहणाऱ्या मराठी मंडळींनो, ‘अनप्लग्ड’ आणि ‘कव्हर’ ऐकायला दरवेळी कॅफेच गाठायला हवा असं नाही. चामराजपेटेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव भरतो. सुरुवात १९३९ सालची! कर्नाटक संगीताचा मांडव, पण हिंदुस्थानी गवईही तिथे हजेरी लावत आलेत.

कर्नाटक मैफलीत मुख्य कृती आटोपली की शेवटी ‘तुक्कडा’ म्हणजे हलक्याफुलक्या रचना येतात. अलीकडे त्यात आपला अभंगही हक्काने बसतो. नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ घ्या. चाल राम फाटकांची, राग अहिरभैरव, आणि गळा गदगचे, पुढे पुण्याचे झालेल्या पं. भीमसेन जोशींचा. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम तोच अभंग कर्नाटक मैफलीत गातात. माझ्या मते कव्हर असावं तर असं. नक्कल नाही, आणि उगाच वेगळेपणाचा सोसही नाही.

दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, शक्यतो हेडफोन लावून. पंडितजींचा ‘विठ्ठल’ आकार भरून येतो, श्वास लांबवत. अरुणाताईंकडे स्वर गमकेने हलतो. (शेजारी बसलेले कर्नाटक संगीताचे रसिक म्हणतील, हा तर आमचा चक्रवाकम् राग! फारसं चुकीचं नाही.) सिंथेसायझर, कोरस, व्हायोलिनांचा ताफा असता तर हा फरक कानाला लागलाच नसता.

उत्सव रामनवमीच्या सुमारास असतो. के. आर. मार्केट जवळच, म्हणजे गर्दी आलीच, त्यामुळे गाडी घरी ठेवा.