मोटारीच्या चाकांतील पहारेकरी

संग्रामपुराहून उन्हाळ्यांत लग्नकार्यास निघालेल्या कुटुंबाचा जीव चार टायरांत कोंडलेल्या हवेवर अवलंबून असतो. हवा कमी झाली म्हणजे धांवतांना टायरची बाजू अधिक वांकते; त्यामुळें उष्णता उत्पन्न होऊन रबर कमजोर होतें व टायर फुटण्याचा संभव वाढतो. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. तेथील सिमेंटच्या सरळ रस्त्यावर वेगानें जाणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

हवा उतरल्याची वर्दी देणाऱ्या योजना दोन प्रकारच्या आहेत. पहिलींत प्रत्येक चाकांत लहानसें दाबमापक यंत्र असतें. तें रेडिओलहरींनीं चालकास सूचना पोंचवितें. दुसरींत चाकांचे फेरे मोजले जातात. हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित् घटते, म्हणून तेंच अंतर कापण्यास त्यास अधिक फेरे घ्यावे लागतात. मात्र चारही चाकें सारखींच उतरलीं, तर ही योजना फसूं शकते.

अमेरिकेंत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या मोटारींस अशी योजना सक्तीची आहे. परंतु त्या नियमाप्रमाणें दाब पाव हिश्श्यानें उतरल्यावरच दिवा लागणें बंधनकारक आहे. म्हणजे ३२ पौंडांचे २४ होईपर्यंत तो मुका राहूं शकतो!

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, सकाळीं चाकें थंड असतांना मापकानें हवा पाहण्यास वडीलधाऱ्यांस सांगा. तापलेल्या चाकांत दाब वाढलेला दिसतो व उणीव झांकली जाते. पहारेकरी ठेवला म्हणून घरधन्यानें निर्धास्त निजूं नये.