घरखर्चाची बचत : कूपन आणि शिधापत्रिका

महिन्याचा किराणा भरायची वेळ आली की घराघरांत आकडेमोड सुरू होते. अशा वेळी पुड्यावर छापलेली ‘दहा रुपये सूट’ किंवा दुकानाने हातात ठेवलेले कूपन पाहून कोणालाही मोह पडतो. बँकेत वीस वर्षे आकड्यांत घालविल्यामुळे अशा सवलतींचा हिशेब मांडून पाहण्याची मला सवय लागली आहे. तोच हिशेब समाजातील बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांसमोर ठेवीत आहे.

समजा, २५० ग्रॅम चहाचा पुडा १२० रुपयांना आहे व त्यावर १० रुपयांचे कूपन आहे. म्हणजे पुडा पडला ११० रुपयांना, किलोला ४४० रुपये. शेजारच्या दुकानात तसाच सुटा चहा ४०० रुपये किलो असेल, तर कूपन वापरूनही किलोमागे ४० रुपये जास्तच गेले. म्हणून सवलत न पाहता किलोचा भाव पाहावा. दुसरे उदाहरण १५०० रुपयांच्या खरेदीवर मिळणाऱ्या १०० रुपयांच्या कूपनाचे. आपली यादी ११०० रुपयांची असताना कूपनासाठी ४०० रुपयांचा नको असलेला माल घेतला, तर ती बचत नव्हे. त्यासाठी हरसूलहून नाशिकला गेलो, तर एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडेही हिशेबात धरावे लागते. यादी आधी करावी. तिच्यातील वस्तूवर कूपन असेल तरच ते वापरावे.

परंतु गरीब कुटुंबाचे सर्वांत मोठे कूपन दुकानात मिळत नाही. ते म्हणजे शिधापत्रिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि धान्य हा पात्र कुटुंबाचा कायदेशीर हक्क बनला. या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. पूर्वी गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो होता; जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कार्डावर घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानावे, असेही हाच कायदा सांगतो.

आता हिशेब पाहा. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य मिळते. बाजारभाव किलोला ३० रुपये धरला, तरी महिन्याला ७५० व वर्षाला ९,००० रुपये वाचतात. एवढी बचत कोणत्याही कूपनाने होणार नाही.

येथे आमच्याच घरची चूक सांगतो. माझा धाकटा भाऊ मजुरी करतो. त्याच्या दोन मुलांची नावे कार्डावर घालायची राहून गेली. “उद्या जाऊ, परवा जाऊ” म्हणता म्हणता दोन वर्षे गेली. दहा किलोप्रमाणे चोवीस महिन्यांचे २४० किलो धान्य, म्हणजे वरच्याच भावाने ७,२०० रुपये झाले. वहिनी तेवढे धान्य दुकानातून उधारीवर आणीत होती. इतरांचे अर्ज भरून देणारा मी, पण सख्ख्या भावाचे कार्ड कधी उघडून पाहिले नाही, याची खंत आजही वाटते.

म्हणून प्रत्येकाने आज घरी गेल्यावर कार्ड उघडावे. मुलांची, नव्या सुनेची नावे त्यात आहेत का, ते पाहावे. नसल्यास जन्मदाखला, आधार कार्ड, आणि सुनेच्या बाबतीत माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा व पोच घ्यावी. नाव कार्डावर चढले तरी ते धान्याच्या यादीत आले का, हे पुन्हा विचारावे. घरातील प्रत्येकाचे ई-केवायसी करून घ्यावे. मशीनवर अंगठा दिल्यावर पावती मागावी. पावतीवरील किलो आणि पिशवीतील किलो जुळले पाहिजेत. तक्रार असल्यास १९६७ या क्रमांकावर सांगता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शिकलेले आहात. आपल्या वस्तीतील दहा घरांची कार्डे एका रविवारी तपासून द्या. आणि माझ्यासारख्या पगारदारांनी या धान्यावर हक्क सांगू नये; ते आपल्याच गरजू बांधवांच्या ताटातले आहे, हे लक्षात ठेवावे, एवढीच विनंती.