लहान दाबाची आज्ञा मोठ्या दाबास कशी कळते?

हल्लीं विद्यार्थ्यांच्या हातीं रास्पबेरी पाय पिकोसारख्या चिमुकल्या संगणक-पाट्या सहज येतात. ह्या पाटीची भाषा दोनच शब्दांची : खुणेच्या तारेवर ३.३ व्होल्ट असले म्हणजे 'होय', आणि शून्य असले म्हणजे 'नाहीं'. परंतु पुढील यंत्राची खूण जर १२ व्होल्टांची असेल, तर ३.३ व्होल्टांची कुजबूज त्यास ऐकूंच जावयाची नाहीं. बरें, १२ व्होल्टांची तार सरळ पाटीस जोडावी, तर पाटी जळून जावयाची. येथें दुभाष्या पाहिजे. तें काम ट्रान्झिस्टर करतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन ह्यांनीं १९४७ च्या डिसेंबरांत पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला.

धरणाचें दार उघडणाऱ्या पाटकऱ्याच्या अंगीं पाण्याचें बळ नसतें. बळ धरणाचें, हुकूम मात्र त्याचा. येथेंही तसेंच आहे. बीसी५४७ ह्या स्वस्त ट्रान्झिस्टरास तीन पाय असतात. एमिटर शून्याच्या तारेस जोडावा (पाटीची व १२ व्होल्टांची शून्य-तार एकच करण्यास विसरूं नये). कलेक्टर ४,७०० ओहमांच्या रोधकांतून १२ व्होल्टांस, आणि बेस १०,००० ओहमांच्या रोधकांतून पाटीच्या खुणेस. बेसपाशीं सुमारें ०.७ व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या २.६ व्होल्टांनीं ०.२६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. कलेक्टरांतून फार तर २.५ मिलिअँपिअर जातील, म्हणजे सुमारें दहापट. ह्या ट्रान्झिस्टराची शक्ति शंभरपटीहून अधिक असल्यामुळें दार पुरतें उघडतें, आणि कलेक्टरावरील दाब जवळजवळ शून्यावर येतो.

चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल, कीं येथें अर्थ उलटला! पाटी 'होय' म्हणते तेव्हां कलेक्टरावर शून्य, आणि 'नाहीं' म्हणते तेव्हां १२ व्होल्ट. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पाटीची वीज गेली किंवा तार निसटली, तर ट्रान्झिस्टर बंद पडून १२ व्होल्ट प्रकट होतील, आणि कोणीही आज्ञा न करतां यंत्र फिरूं लागेल. त्या क्षणीं एखाद्या मुलाचा हात पट्ट्याजवळ असला तर? म्हणून पहिल्याच्या कलेक्टरास १०,००० ओहमांतून दुसऱ्या ट्रान्झिस्टराचा बेस जोडावा, आणि त्याच्या कलेक्टरासही ४,७०० ओहमांचा रोधक देऊन खूण तेथून घ्यावी. दोनदां उलटलेला अर्थ सुलट होतो. पाटी गप्प, तर यंत्रही गप्प. पहिल्याच्या बेस व एमिटर ह्यांमध्यें १,००,००० ओहमांचा रोधक ठेवल्यास निसटलेली तार भलतें कांहीं बोलत नाहीं.

एक अडचण उरते. दाब खालीं ओढतो ट्रान्झिस्टर, पण वर चढवितो केवळ रोधक. त्यामुळें चढण मंद असते. लांब तारेस ती विशेष जाणवते. शाळेच्या घंटेस इतका विलंब कळणारही नाहीं, परंतु सेकंदास लाखों खुणा पाठवावयाच्या असल्यास त्या एकमेकींत मिसळतात. रोधक ४७० ओहमांचा केला, तर चढण जलद होते खरी, पण त्यांत सुमारें ०.३ वॉट उष्णता निर्माण होऊन पाव वॉटाचा साधा रोधक करपूं लागतो. म्हणून अशा ठिकाणीं दाब वर चढविण्यासही निराळा ट्रान्झिस्टर ठेवितात.