ईएसआर उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका!

लहान मुलांच्या सिस्टेमिक संधिवातात ताप, पुरळ आणि सांधेदुखीबरोबर ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) चढतो, त्यामुळे तो उतरला की घरच्यांना हायसं वाटतं. पण ताप हटत नसताना, मूल मलूल होत असताना ईएसआर एकाएकी घसरला, तर ती धोक्याची घंटा असू शकते. मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम या जिवावरच्या गुंतागुंतीत रक्तातलं फायब्रिनोजेन संपत जातं आणि ईएसआर मुख्यतः त्याच्याच जोरावर चढलेला असतो. प्लेटलेट्सचंही तसंच. सिस्टेमिक संधिवातात त्या एरवी चार-पाच लाखांच्या पुढे असतात. त्या पावणेदोन लाखांवर आल्या तरी लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’च छापून येतं! म्हणून या सिंड्रोमच्या 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तापासोबत फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) 684 च्या वर आणि जोडीला चारांपैकी दोन खुणा मागितल्या आहेत: प्लेटलेट्स 1.81 लाख किंवा कमी, एएसटी (यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम) 48 च्या वर, ट्रायग्लिसराइड्स 156 च्या वर, फायब्रिनोजेन 360 किंवा कमी.

कुणी म्हणेल, फेरिटिन तर डेंगीतही वाढतं. खरंच आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात डॉक्टरांना तो विचार करावाच लागतो. पण म्हणून चाचणी कुचकामी ठरत नाही. एकटा आकडा कुचकामी ठरतो. मागच्या आकड्यांशी ताडून पाहिलं की चढ-उताराची दिशा कळते. तेव्हा जुने रिपोर्ट फेकू नका, तारीखवार फाइल करा आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.