मोजमाप चिमणीचे, धूर छपरातून

कळंबोलीच्या पोलाद बाजारात सळया, पत्रे, अँगल यांचे ढीग लागलेले असतात. अशी सळई जालना, वाडा इथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून तयार होते. पण विजेवर चालणाऱ्या, कोळसा न जाळणाऱ्या या भट्टीतून धूर येतो कुठून?

भंगारातून! रंग, तेल, गंज आणि मुख्य म्हणजे जस्त. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात. पत्र्यावरच्या मुलाम्यातले जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्याची वाफ हवा लागताच पेटते आणि झिंक ऑक्साइडचा पांढरा, अतिसूक्ष्म कणांचा धूर होतो.

नियमानुसार भट्टीच्या चिमणीतून घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमहून जास्त धूळ जाता कामा नये. ती मोजण्याची रीत मोठी सुंदर आहे. चिमणीत वायू ज्या वेगाने चढतो, अगदी त्याच वेगाने नमुना नळीत ओढावा लागतो. हळू ओढला तर वायू नळीला बगल देतो. पण बस वळली तरी उभा प्रवासी सरळच जाऊ पाहतो, तसे जड कण सरळ नळीत शिरतात आणि धूळ आहे त्याहून जास्त भरते. जोरात ओढला तर उलट. म्हणून आधी वायूचा वेग मोजतात, तोही पीतो नळीने. आँरी पीतोने १७३२ मध्ये पॅरिसच्या सीन नदीचा प्रवाह मोजायला वापरलेली हीच युक्ती!

हवा प्रदूषण कायदा, १९८१ चे कलम २६ नमुन्याबाबत तितकेच काटेकोर आहे: नोटीस, समक्ष नमुना, सील, सह्या. यात कसूर झाली तर अहवाल न्यायालयात पुरावा ठरत नाही.

एवढी काळजी चिमणीची. पण भंगार टाकताना क्रेनसाठी भट्टीवरचा हूड बाजूला सरतो, किंवा धूर ओढणारा पंखाच बंद असतो, तेव्हा धूर चिमणीपर्यंत पोचतच नाही. तो शेडच्या छपरातून थेट वस्तीवर जातो आणि चिमणीचा अहवाल स्वच्छ राहतो.

याला उपाय साधा आहे. प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला, म्हणजे या पंख्याला, स्वतंत्र वीजमीटर हवा, ही अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बरेचदा असतेच. भट्टीचे आणि पंख्याचे युनिट शेजारी मांडले की रात्री काय चालले होते ते लगेच कळते. पंखा बंद आढळल्यास याच कायद्याच्या कलम ३१-अ खाली मंडळ कारखान्याची वीज तोडू शकते. विजेचे हे दोन आकडे मंडळाने दर महिन्याला जाहीर करावेत आणि भट्टीशेजारी राहणाऱ्यांनी ते मागावेत.